बालमानसशास्त्रज्ञ व्हायचंय, तर बीएनंतर नेमकं काय शिकायचं?

सांगलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: मानसशास्त्रात बीए झालं, लहान मुलांबरोबर आणि शक्यतो शाळेत काम करायचं आहे. एमए क्लिनिकल घेऊ, काउन्सेलिंग घेऊ, की सहा महिन्यांचा ‘चाइल्ड सायकॉलॉजी’चा ऑनलाइन डिप्लोमा करून थेट कामाला लागू? शाळेत काम करायलाही आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते का? आणि एम.फिल. बंद झालं म्हणतात, ते खरं आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यावरून सगळ्यात जास्त अफवा फिरतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. रद्द करायचं ठरलं, 2022 च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी ते बंद केलं आणि डिसेंबर 2023 मध्ये ‘एम.फिल.ला प्रवेश घेऊ नका’ अशी सूचनाही निघाली. त्यावर बरीच ओरड झाली, कारण आपल्या क्षेत्रात एम.फिल. ही संशोधनाची पायरी कधीच नव्हती. ते दोन वर्षांचं पूर्णवेळ रुग्णालयातलं प्रशिक्षण होतं. म्हणून जानेवारी 2024 मध्ये यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती 2025-26 पर्यंत सवलत दिली. त्यापुढची व्यवस्था कशी असेल ते आरसीआयच्या संकेतस्थळावर वाचा. तिथे मान्यताप्राप्त संस्थांची यादीही असते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर किंवा सीनियरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

आता नोंदणीचं. पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 चा. अपंगत्व असलेल्या व्यक्तींबरोबर काम करणाऱ्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ही परिषद ठेवते. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट आहेत, विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवणतज्ज्ञ आहेत. शाळेचा समुपदेशक मात्र नाही. ‘बालमानसशास्त्रज्ञ’ किंवा ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ या पदनामाला आपल्याकडे स्वतंत्र कायदेशीर संरक्षण नाही, त्यामुळे उद्या कुणीही ही पाटी लावून बसू शकतं आणि बसतातही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची व्याख्या मात्र आहे, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या शिक्षणाशी बांधलेली आहे. म्हणून केवळ ‘एमए क्लिनिकल’ केलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं होत नाही. परिषदेने अलीकडे स्वतःचे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमही आणले आहेत. तेव्हा एमएच्या नावात ‘क्लिनिकल’ असलं तरी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे की नाही हे वेगळं तपासावं लागतं.

मग तुम्हाला काय लागेल? शाळेत बसून मुलांशी बोलणं, शिक्षकांबरोबर वर्गातले प्रश्न सोडवणं, पालकांना भेटणं, गरज दिसली की योग्य ठिकाणी पाठवणं, हे काम करायचं असेल तर परिषदेची नोंदणी बंधनकारक नाही. चांगलं एमए आणि चांगलं प्रशिक्षण पुरतं. पण बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांच्या चाचण्या घेऊन सरकारी प्रमाणपत्रासाठी चालेल असा रिपोर्ट सही करून द्यायचा असेल, तर नोंदणी हवीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. तेव्हापासून या सहीचं वजन वाढलं आहे. मुलाला परीक्षेत जास्त वेळ मिळणार का, लेखनिक मिळणार का, हे त्या कागदावर ठरतं.

ऑनलाइन डिप्लोमा थोडक्यात निकालात काढते. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ हा व्यवसाय आला. त्याचाच परिणाम म्हणून यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम थांबवायला सांगितलं. जे विद्यापीठांना करू दिलं जात नाही ते एखाद्या खासगी कंपनीच्या व्हिडिओंतून साधेल, असं समजू नका. माहिती म्हणून खुशाल बघा. त्याच्या जोरावर मुलांबरोबर काम सुरू करू नका.

आता मुद्द्याचं बोलू. तुम्ही क्लिनिकल की काउन्सेलिंग असं विचारताय, पण दोन्हींतलं लेखी ज्ञान बरंचसं तेच असतं, आणि मुलांबद्दल दोन्हींत कमीच शिकवतात. एखादा पेपर विकासमानसशास्त्राचा, एखादा बालविकारांचा, संपलं. खरा फरक पडतो तो तुम्ही स्वतः किती मुलं बघता आणि तुमचं काम कोण तपासतं यामुळे. तुलनेसाठी सांगते. इंग्लंडमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हायला 2006 पासून तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा बराचसा वेळ विद्यार्थी स्थानिक प्रशासनाच्या सेवेत, प्रत्यक्ष शाळांमध्ये काढतात. अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्टच्या राष्ट्रीय संघटनेचे निकष किमान 1200 तासांची इंटर्नशिप मागतात आणि त्यातले निदान 600 तास शाळेत व्हावे लागतात. आपल्याकडे एमएच्या ‘प्रॅक्टिकम’मध्ये अनेक ठिकाणी पंधरा दिवस शाळेत जाऊन दोन केसेस लिहून आणतात, आणि त्या केसेस मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेल्या आहेत हे मार्गदर्शकालाही ठाऊक असतं.

म्हणून कॉलेज निवडताना विभागात जाऊन सरळ विचारा. मुलांची केस घ्यायला कुठे पाठवता? तिथे माझ्याबरोबर कोण असतं? माझा रिपोर्ट कोण वाचतं, आणि ती व्यक्ती आज स्वतः मुलं बघते का? शाळेतलं प्लेसमेंट किती महिन्यांचं? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण शाळेचं वर्ष सगळं सारखं नसतं. जूनमध्ये पहिलीची रडारड आणि शाळा बदललेल्या मुलांचं बुजणं, पहिल्या घटक चाचणीनंतर ‘याला काहीच येत नाही’ अशा तक्रारी, सहामाहीनंतर पालकसभा, जानेवारीपासून दहावीच्या पोरांची पोटदुखी आणि डोकेदुखी. ज्याने फक्त ऑगस्टमधले पंधरा दिवस शाळा पाहिली, त्याने शाळा पाहिलीच नाही.

सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करताना, काय शिकायचं, हे एका उदाहरणाने सांगते. मुलगा खरा नाही, अनेक मुलांचा मिळून केलेला आहे. तुमच्या सांगली भागातलीच शाळा घेऊ. चौथीतला मुलगा वाचत नाही. बाई म्हणतात, लक्ष नाही. आई म्हणते, घरी सगळं कळतं त्याला, मोबाइल बरोब्बर चालवतो. नवशिका मानसशास्त्रज्ञ लगेच टेस्टची पेटी उघडतो. आयक्यू काढतो, वाचन-लेखनाची टेस्ट घेतो, दोन इयत्तांचं अंतर दिसतं आणि रिपोर्टवर ‘अध्ययन अक्षमता’ लिहून मोकळा होतो.

सुपरवायझर चांगला असेल तर तो आधी हजेरीपट मागवतो. मुलगा बीडकडचा आहे. आईवडील ऊसतोडीला येतात आणि दिवाळीनंतर चार-पाच महिने फडावर असतात. पहिली आणि दुसरीची अर्धी वर्षं गावातल्या शाळेत, अर्धी कारखान्याजवळच्या शाळेत किंवा कुठेच नाही. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. कानांची तपासणी झालेली नाही, चष्मा लागतो का कुणी पाहिलं नाही. शिकवलंच गेलं नाही म्हणून न येणं आणि नीट शिकवूनही न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अध्ययन अक्षमतेच्या निदानात पुरेसं शिक्षण न मिळणं, शिकवण्याची भाषा न येणं, दृष्टी किंवा श्रवणाचा दोष ही कारणं आधी बाजूला सारावी लागतात. त्या मुलाला दोन-तीन महिने नेमाने, रोज, अक्षर-ध्वनीपासून शिकवून बघा. सुधारला तर उत्तर मिळालं. नाही सुधारला तर मग टेस्ट घ्यायला खरा अर्थ येतो. टेस्ट कधी घ्यायची नाही, हे शिकायला टेस्ट घ्यायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि ते पुस्तकातून येत नाही.

टेस्टबद्दल आणखी थोडं, कारण मराठी मुलांच्या बाबतीत यात एक खास अडचण आहे. या विषयात आपला प्रदेश मागे नव्हता. 1937 मध्येच मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेत भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. धारवाडच्या व. वि. कामतांनी बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूप तयार केलं, ते आजही ‘बिने-कामत’ म्हणून कित्येक रुग्णालयांत वापरात आहे. नागपुरात डॉ. मालिन यांनी वेक्सलरच्या बुद्धिमत्ता चाचणीवरून भारतीय मुलांसाठी ‘मिसिक’ बेतली, ती 1969 ची. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीचं जे भारतीय रूप देशभर वापरतात, त्याला अजून ‘नागपूर आवृत्ती’ म्हणतात, तेही मालिन यांचंच.

अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण वर्षं बघा. चाचणीचे निकष जुने झाले की गुणांक फुगतो. आजच्या मुलाची तुलना तुम्ही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांशी करत असता, आणि एका पिढीतून दुसरीत या चाचण्यांवरची कामगिरी वाढत जाते, हे अनेक देशांत दिसलं आहे. ज्या मुलाला खरंच मदत हवी त्याचा आयक्यू जुन्या चाचणीवर काठावर, ‘बरा’ दिसतो आणि त्याचं प्रमाणपत्र हुकतं. उलट नव्या चाचण्या आहेत त्यांतल्या बऱ्याच इंग्रजीत. शाब्दिक भाग तिथल्या तिथे मराठीत भाषांतर करून विचारला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, आणि मग निकषांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. तुमच्या प्रशिक्षणात ही चर्चा कुणी करत नसेल आणि फक्त ‘मॅन्युअलमध्ये बघून स्केल्ड स्कोअर काढा’ एवढंच शिकवत असतील, तर ते तंत्रज्ञाचं प्रशिक्षण झालं.

अध्ययन अक्षमतेत मात्र थोडी बरी स्थिती आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला सरकारी प्रमाणपत्रासाठी चालते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कानडी आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बऱ्यापैकी पक्का असतो. त्यामुळे डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता, असलेलं मराठी मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण फार सावकाश वाचतं, जोडाक्षर आणि रफार आला की अडखळतं, ऱ्हस्व-दीर्घ आणि काना-मात्रा लिहिताना गाळतं. तेच मूल सेमी-इंग्रजीत गेलं की इंग्रजीत पार कोसळतं. फक्त चुका मोजल्या आणि वेग मोजला नाही, तर हे मूल तुमच्या हातून निसटतं. इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिण्याच्या उदाहरणांवर वाढलेले विद्यार्थी इथे नेमके चुकतात.

हे बघायला कुठे मिळेल? महाराष्ट्राने 1996 मध्ये, देशात सगळ्यांच्या आधी, अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं आणि नायर रुग्णालयातलं काम त्यामुळेच उभं राहिलं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आहे. 1962 मध्ये ती सुरू करणारे आप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे होते, आणि तिथल्या मानसशास्त्र संशोधिकेने बुद्धिमत्तेच्या चाचण्या मराठीत घडवल्या. शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविकाही तिथे चालत आली आहे. तुमच्या हेतूला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच, म्हणून यंदा प्रवेश आहे का ते आधी तिथे फोन करून विचारा. सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्था, जिचं एक केंद्र नवी मुंबईतही आहे, ती पुनर्वास मानसशास्त्रासाठी बघण्यासारखी. एमएनंतर वर्षभराची पुनर्वास मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका केली तर परिषदेची नोंदणी मिळते, पण ती यंदा परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी बघा. क्लिनिकलच्या मोजक्या जागांसाठी वर्षानुवर्षं प्रवेश परीक्षा देत बसणाऱ्यांना हा रस्ता का सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. मुलांबरोबरच काम करायचं असेल तर तो जास्त सरळ आहे. तुम्हाला शिक्षकांमध्ये राहून समुपदेशन करायचं असेल तर एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविकाही आहे. महाराष्ट्रासाठी तिचं केंद्र भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था.

एक मत स्पष्टच सांगते, पुष्कळांना पटणार नाही. एमएनंतर एक वर्ष हातात असेल आणि एकीकडे थेरपीचं आणखी एक सर्टिफिकेट, दुसरीकडे पहिली-दुसरीच्या वर्गात मदतनीस म्हणून काम, असा पर्याय असेल, तर वर्ग घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात ‘या मुलाकडे वैयक्तिक लक्ष द्या’ असं रिपोर्टमध्ये लिहिणं सोपं आहे. ते वाचून बाई रिपोर्ट कपाटात ठेवतात, आणि त्यांचं चुकत नाही. ज्याने वर्ग चालवलाय तो लिहितो, ‘फळ्यावरचं उतरवायला सांगू नका, शेजारच्याच्या वहीतून उतरवू द्या, शुद्धलेखनाचे दहा शब्द न देता चार द्या, मोठ्याने वाचायला एकट्याला उभं करू नका.’ हे उद्या सकाळी करता येतं. तुमच्या सुपरवायझरने तुमचा रिपोर्ट शिक्षकाच्या नजरेतून वाचून परत पाठवला पाहिजे, मराठीत, दोन पानांत, पारिभाषिक शब्द काढायला लावून.

आणखी एक विषय अभ्यासक्रमात हवा आणि बहुतेक ठिकाणी एका व्याख्यानात उरकला जातो: मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर काय करायचं. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्याची शिक्षा जास्त आहे. ‘तू सांगितलेलं कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊन बसलात तर पुढे ते मोडावं लागतं आणि मूल पुन्हा कधी बोलत नाही. म्हणून गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, त्या वयाच्या मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायची असते. तिसरीतल्या मुलीला ते कसं सांगायचं आणि नववीतल्या मुलाला कसं, याची तालीम करावी लागते. शाळेचं नाव जाईल म्हणून ‘आपण आतल्या आतच मिटवू’ असं सांगणारे मुख्याध्यापकही भेटतात. त्यांच्यासमोर बसून काय बोलायचं, याचीसुद्धा तालीम हवी. सुपरवायझर नसेल तर अशा दिवशी फोन कुणाला करणार? नोकरी लागल्यावरही महिन्यातून निदान एकदा पैसे देऊन सुपरव्हिजन घेत राहा, ते त्यासाठीच.

नोकरीचं चित्र सांगून ठेवते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असं त्यात आहे. सीबीएसईच्या शाळांत समुपदेशक असतोच, निदान कागदावर. जिल्हा परिषदेच्या शाळेत असं पद तुम्हाला दिसणार नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे. खासगी शाळेत मुलाखत द्याल तेव्हा पगाराच्या आधी विचारा, मला बसायला दार लागणारी खोली आहे का, आणि मला ऑफ तासांवर पाठवणार का. गैरहजर शिक्षकांचे तास घेण्यात समुपदेशकाचा निम्मा आठवडा जातो, हे बऱ्याच शाळांत सर्रास चालतं. ज्या वर्गात तुम्ही सकाळी गप्प बसा म्हणून ओरडलात, त्यातलं मूल दुपारी तुमच्याकडे येऊन बोलत नाही. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे डीईआयसी, हा दुसरा पर्याय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती चालतात, पद कंत्राटी असतं, पण बालरोगतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट एका छताखाली मिळतात. शिकायला त्यांच्यासारखी जागा नाही.

परदेशाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा तोच येतो. ब्रिटनमध्ये ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ हे संरक्षित पदनाम आहे, 2009 पासून आरोग्य व काळजी व्यवसाय परिषदेकडे नोंद असल्याशिवाय ते लावता येत नाही. तिथलं एक वर्षाचं मास्टर्स करून ते मिळत नाही, एजंट काहीही सांगोत. परत येऊन इथे मूल्यमापनाचं काम करायचं असेल, तर त्या पदवीवर नोंदणी मिळेल का हे फी भरायच्या आधी पुनर्वास परिषदेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

यंदा तुम्ही काय करावं? एमएचे फॉर्म भरा, स्पेशलायझेशन काउन्सेलिंग मिळालं तरी चालेल, पण वर लिहिलेले प्रश्न विचारून विभाग निवडा. प्रवेश सुरू होईपर्यंत जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये जाऊन आठवड्यातून एक दिवस बसू द्याल का म्हणून विचारा. नाही म्हणाले तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, तिथे माणसं नेहमीच कमी असतात. आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की जवळच्या कारखान्याजवळ मुलांसाठी कोणती शाळा किंवा वर्ग चालतो ते शोधून महिनाभर तिथे वाचन शिकवायला जा. बौद्धिक चाचणीची पेटी त्यानंतर उघडा.